सांगून ठेवणारा माणूस

"चुकून धरलं म्हणता, पण त्या पोराचा चेहरा ठाण्यात आधीच माहीत होता. आणि माहीत करून कोणी दिला? बापानंच. अडाणी माणूस! स्वतःच्या हातानं पोराला नेऊन उभं केलं."

वसमतच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात ही हकिकत आजही चहाबरोबर मिळते. सांगणाऱ्यांत दोन निवृत्त शिक्षक आहेत आणि एक वकील. त्यांच्या तपशिलात चूक नाही, निष्कर्षात आहे. ज्याच्या शेजारी बसून मी एकतीस वर्षे शाळेचे दप्तर सांभाळले, त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार या तिघांना कोणी दिला, एवढेच मला विचारायचे आहे.

तो आमच्या शाळेचा शिपाई. मी मुख्य लिपिक. गावाबाहेरच्या तांड्यावरून तो सायकलने येई. "सांगून ठेवतो" हे त्याचे पालुपद. मधल्या सुटीची घंटा देण्याआधी तो वर्गावर्गाच्या दारात डोके घाली : "गुरुजी, घंटा होऊन राहिली, सांगून ठेवतो." मुख्याध्यापक एकदा भडकले. "अरे, घंटा सांगण्यासाठीच असते ना?" हा शांतपणे म्हणाला, "व्हय सायेब, पण एकदम वाजली की माणूस दचकतो."

लेकीची सोयरीक ठरली तेव्हा भर बैठकीत त्याने व्याह्यांना सांगितले, "पोरगी तापट हाय. मागून म्हणाल, काहून बोलला न्हाईस." सोयरे हसले. लग्न झाले. मुलगी तापटच निघाली, आणि असा खरा माणूस पाहिला नाही, हे त्या व्याह्यानेच मला पुढे सांगितले.

तुम्हीही हसला असाल. आम्हीही हसत होतो. पण बाजारात गाठोडे घेऊन उभा राहिला की त्याला कोणीतरी विचारीच, "कुणाचं रे हे?" माझ्या हातातल्या पिशवीविषयी मला आयुष्यात कोणी विचारलेले नाही. ज्याला विचारले जाणारच आहे, तो आधी बोलायला शिकतो.

त्याचा धाकटा मुलगा बी.ए. झाला आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागला. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळे. त्याच दिवसांत विहिरींवरच्या मोटारींतली तांब्याची तार चोरीला जाऊ लागली. शेजारच्या तांड्यावरच्या दोन मुलांना पोलिसांनी रस्त्यात अडवून अर्धा दिवस बसवून ठेवले. हाती काही लागले नाही, सोडून दिले. दुसऱ्या दिवशी हा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाबूसायब, पळणारं पोरगं लांबून कसं दिसतं?"

"कसं म्हणजे?"

"भरतीसाठी पळून राहिलं, का पोलिसाला भिऊन पळून राहिलं, ते लांबून समजतं का?"

मी समोरचे दप्तर मिटले. त्या दुपारी आम्ही बराच वेळ बोललो.

पुढच्या सोमवारी तो धुतलेला सदरा घालून, मुलाला घेऊन ठाण्यात गेला. ठाण्याचे नाव मी लिहीत नाही. तिथे जे घडले ते मुलाकडून कळले. "सायेब, हा माझा लेक. कालव्याच्या रस्त्यानं पहाटं पळतो. चेहरा बघून ठेवा, म्हंजे मागून तकलीफ नको." सोबत त्याने जातीचा दाखला नेला होता, कारण घरातल्या सगळ्या कागदांत ठसठशीत गोल शिक्का त्यावरच होता. एका हवालदाराने तो मोठ्याने वाचला. "विमुक्त जाती. विमुक्त म्हणजे सुटलेला. कशातून सुटलास रे?" सगळे हसले. बापही हसला, साहेब हसले की हसावे लागते. मुलगा हसला नाही.

"काका, कोणी पळतंय ते सांगायला येतं का ठाण्यात?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"यावं लागू नये म्हणून आलो, सायेब."

तीन आठवडे काही झाले नाही. मग कालव्याजवळच्याच एका विहिरीवर चोरी झाली. सकाळी पोलिसांची जीप फिरत होती. शिट्टी वाजली तसा मुलगा जागच्या जागी थांबला. बापाने तसे बजावले होते. जीपमधला तरुण शिपाई म्हणाला, "ह्याला मी ठाण्यात पाहिलंय." मुलगा खरे बोलला, "होय साहेब, आलो होतो." तेवढे पुरले.

त्या दिवशी शाळेची घंटा कोणालाही न सांगता वाजली. मीच ती वाजवली. हा ठाण्याच्या दाराबाहेर, चपला काढून, दिवस मावळेपर्यंत बसून होता. मुलाला सोडताना अधिकारी म्हणाले, "गैरसमज झाला." हा उठून उभा राहिला.

"मंग तेवढं लिहून द्या, सायेब."

"काका, गैरसमजाचा दाखला नसतो."

तार पुढे दुसऱ्याच कोणाकडे सापडली. ठाण्यातल्या वहीत या मुलाची नोंद नव्हती; म्हणजे चूकही झाली नव्हती. मुलाने पळणे सोडले. भरतीचा अर्ज भरलाच नाही. आता तो कुरुंद्याकडे हळद शिजवण्याच्या कामावर आहे आणि रस्त्याने चालतानासुद्धा सावकाश चालतो.

बापाचे पालुपदही त्या दिवसापासून गेले. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे तो वेळ झाली की टोल देई आणि खाली मान घालून परत स्टुलावर बसे. गुरुजी दचकत. कोणी विचारले नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. त्याआधी आठ दिवस मी तांड्यावर जाऊन आलो. लिंबाखाली बाज टाकली होती. गावात काय बोलतात ते त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

"बराबर बोलतात लोक," तो म्हणाला. "म्याच दाखवला त्याचा चेहरा. दुसऱ्या कुणी न्हाई. अडाणी माणूस मी."

सून चहा घेऊन आली होती, मुलगा शेजारी उभा होता. बोलताना बापाने माझ्याकडे पाहिले नाही. मीही चहा घेतला आणि उठलो.

आता त्या हॉटेलातल्या तिघांसाठी. शिकलेल्या माणसाने असे केले नसते, असे तुम्ही म्हणता. त्या दुपारी माझ्या टेबलापाशी तो पोराला घरातच ठेवायचे म्हणत होता. "पोराला ठाण्यात दाखवून ये, ओळख असलेली बरी," हे त्याला मी सांगितले.