नाव पुकारलं की उठणारा

सुभाष म्हणून कुणीही, कुठेही हाक मारली की पहिला ‘ओ’ कंडक्टर द्यायचा. हाक नक्की कुणासाठी आहे, ते बघायची पद्धत त्याच्याकडे नव्हती.

धरणगावात एकाच नावा-आडनावाचे आम्ही चौघे. एक हेडमास्तर, एक जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, मी वायरमन आणि हा एसटीतला. मास्तराचा आणि हमालाचा मला कधी त्रास झाला नाही. कंडक्टरने मात्र जन्मभर डोक्यावर मिऱ्या वाटल्या. मला आलेली लग्नपत्रिका चुकून त्याच्या घरी गेली की हा सहकुटुंब जेवून यायचा. भांडायला गेलं की म्हणायचा, “नाव मनं शे, तू नुसता वापरी ऱ्हायना.” म्हणजे नाव त्याचं, मी आपला नुसता वापरतोय.

एकदा वादळात तारा तुटल्या. दोन दिवस खांबांवर चढून मी गावात लाईट आणली. गणपती मंडळाने सत्कार ठेवला. माइकवर नाव पुकारलं, मी लाजून जरा थांबलो, तेवढ्यात पुढच्या रांगेतला हा निर्लज्ज उठला आणि शाल-नारळ घेऊन आला. वर मलाच सुनावलं, “तू बशी ऱ्हायना, मी उठनू.” नारळ फोडून त्याने खोबरं गल्लीभर वाटलं, माझ्याकडेही पाठवलं. मी तोंडात घातलं नाही.

हे सगळं मी गिळलं. ज्योतीच्या स्थळाचं मात्र गिळलं नाही. माझ्या मुलीला बघायला धुळ्याचे पाहुणे आले. स्टँडवर उतरून त्यांनी सुभाषचं घर विचारलं, तर हा पुढे झाला. “मीच तो,” म्हणाला. चहा पाजला, पोरगी शिकतेय, एवढ्यात लग्न करायचं नाही, असं सांगून त्यांना परतीच्या बसमध्ये बसवलं. इकडे आमच्या घरी पोहे थंड होत होते. पानवाल्याकडून कळलं तेव्हा मी चप्पल हातात घेऊनच त्याच्या दारात गेलो. नाही नाही ते बोललो. हा ओट्यावर बसून ऐकत राहिला. “झालं बोलून?” एवढंच म्हणाला. पुढे सहा वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

ज्योती धुळ्यात नर्स झाली. परवा कंडक्टर गेला, तर पहिल्या बसने आली आणि त्याच्या दारात बसून ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर म्हटलं, “ज्याने तुझं स्थळ मोडलं, त्याच्यासाठी एवढं?”

“मीच मोडायला लावलं होतं, नाना,” ती म्हणाली. “कॉलेजला जाताना रोज त्यांचीच बस. एकदा मी रडत होते, तेव्हा त्यांनी विचारलं. मला शिकायचंय, हे तुम्हाला आधी तीनदा सांगितलं होतं. तुम्ही मोबाईलमधून मान वर केली नाहीत.”

“मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“काकांनीच अडवलं. म्हणाले, बापले सांगू नको, त्याले लागी जाई.”

मेल्यावरही छळावं ते यानेच. आता त्याच्यावरचा राग ठेवू कुठे, तेही कळत नाही. पोरीने हाक मलाच मारली होती, तीही तीनदा. मी बसून राहिलो. तो उठला.