कॉर्गीच्या वाटची पोळी

आमच्या कॉर्गी कुत्र्याची पाठ लांबलचक आणि पाय वीतभर. वजन वाढलं तर पाठीचं दुखणं मागे लागेल, असं व्हेटनं बजावलं होतं. तरी पुण्याहून आलेली आई तव्यावरची पहिली पोळी तूप लावून त्यालाच घालायची. पहिली पोळी गाईची, ही तिची जन्माची सवय. इथे ऑकलंडच्या फ्लॅटमध्ये गाय कुठून आणणार? वर मलाच ऐकवायची, "इंग्लंडच्या राणीच्या महालात वाढलेली जात ही. तिला कोरडे दाणे काय घालता?"

मी समजावलं, भांडले, तुपाची बरणीसुद्धा लपवली. काही उपयोग झाला नाही. परवा कॉर्गीचं वजन बघून व्हेटनं मलाच झापलं. घरात पाऊल टाकताच मी आईवर ओरडले, "पुरे झाले लाड! यापुढे त्याला एक तुकडाही द्यायचा नाही."

आई पोळपाट पुसत राहिली. मग म्हणाली, "नाही देणार. पण सकाळी तुम्ही कॉर्नफ्लेक्स खाऊन पळता, रात्री पिझ्झा मागवता. मी पोळ्या करायला घेतल्या की धावत येणारा या घरात तो एकटाच आहे गं."