जानकाबाईचं उवांचं तेल

वारूळवाडीत कुणाच्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या, की तिची आई दुकानात जात नसे, जानकाबाईकडं जायची. उवाच कशाला, दात ठणकला, टाचा फुटल्या, केस गळायला लागले, तुरीला कीड लागली, पितळेची भांडी काळवंडली, सगळ्यावर तिच्याकडं काही ना काही असायचंच, आणि तेही घरातलंच. तिचं माहेर मढचं. तिकडच्या रानातला हिरडा भाऊ दरसाल पिशवी भरून आणून द्यायचा. हिरडा, बाभळीचा कोळसा आणि मीठ कुटून ती दंतमंजन करायची. तुरीला एरंडेल चोळून ठेवायला तिनंच निम्म्या गावाला शिकवलं. अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे ती जुन्या पायमोज्यात भरून ठेवायची आणि त्यानं नवऱ्याचे, पोपटचे, बाजारात मळलेले कपडे घासायची.

"टाकू नका गं काई," असं ती बायकांना सांगायची. "टाकायला येळ लागत न्हाई, मिळवायला लागतो."

तिचं उवांचं तेल मात्र सोपं नव्हतं. सीताफळाच्या बिया उन्हात कडक वाळवायच्या, पाट्यावर भरड वाटायच्या, खोबरेलात मंद आचेवर कढवायच्या आणि दुहेरी फडक्यातून गाळायच्या. वाटताना ती नाकातोंडाला पदर बांधायची आणि पोरांना अंगणातून हाकलायची, कारण ती भुकटी डोळ्यात गेली तर डोळा जायचा. तेल देताना दर वेळी बजावायची : कपाळाला फडकं बांधा, तासाभरात धुऊन काढा. आणि हेही सांगायची की तेलाला उजेड दाखवू नका, खवट होतं, काळ्या नाहीतर पत्र्याच्या बाटलीत ठेवा.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या जूनमधली. पाऊस आला नव्हता, नुसतं कोंदून आलं होतं. शाळा आठ दिवसांवर आली होती. दुपारच्या वक्ताला ठकूबाई अंगणात येऊन उभी राहिली. ठकूबाईचं घर गावातलं मोठं. रस्त्यालगतची टोमॅटोची सगळी वावरं तिच्या लेकाची, भरतची. जानकाबाई आणि पोपट, दोघं तिथंच रोजानं जायची. दोघी बायका एकाच वयाच्या, पण ठकूबाई तिला नावानं हाक मारी आणि जानकाबाई तिला वहिनी म्हणे.

"जानका, हायेस का गं? श्रेयाच्या डोक्यात लई झाल्यात. खाजवून खाजवून रगत काढलं पोरीनं. उद्या तेल लावीन म्हनते."

श्रेया म्हणजे भरतची सात वर्षांची लेक. जानकाबाईनं तेलाचं पातेलं बाहेर आणलं. ठकूबाईनं पदराआडून बाटली काढून ओट्यावर ठेवली. बाटली पत्र्याची, चकचकीत, फिरकीच्या झाकणाची. वरचा कागद खरवडून काढलेला.

जानकाबाईनं झाकण उघडलं आणि नाक मागं घेतलं. आत खोल कुठंतरी कुजक्या लसणासारखा उग्र वास होता.

"वैनी, ही कशाची?"

"भरतच्या औषधाची."

त्या भागात औषध म्हटलं की आधी फवारणीचंच डोळ्यापुढं येई. टोमॅटोवर मारायचं तेही औषध आणि पोटदुखीवर घ्यायचं तेही औषध.

"अगं, रिकामी झालीय. राखेनं घासलीया, तीन पाण्यानं धुतलीया. तूच म्हनतीस ना, टाकू नका, पत्र्याच्या बाटलीत ठेवा?"

"म्हनते खरी. पर माझ्याकडं काचंची हाय, मधाची. तिच्यात द्येते."

ठकूबाई हसली, पण ते हसू ओठापुरतंच होतं. "तुझी बाटली आनि कशाला आमच्या घरात?"

जानकाबाईनं नरसाळं हातात घेतलं. गावात बुद्धविहार होऊन कैक वर्षं झाली होती, तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, पोरं शाळेत एका रांगेत जेवत होती. पण काही वाक्यांचा अर्थ काय असतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं नरसाळं लावलं आणि बाटली भरून दिली. बाटलीचं तोंड पुसलेलं फडकं तिनं भिंतीच्या खुंटीला अडकवलं. त्या दिवशी तिनं तीनदा हात धुतले. वास काही जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना तिला खुंटीखाली काळी रेघ दिसली. तेलाच्या वासानं मुंग्या नेहमीच यायच्या, तशा आल्या होत्या. पण फडक्याच्या लोंबत्या टोकापाशी येऊन सगळ्या तिथंच आडव्या पडल्या होत्या. केरसुणीनं हलवलं तरी एकही हलली नाही.

पोपट मार्केटला हमालीला निघाला होता, आज वावरातला रोज नव्हता. "काय बघतीयास?"

"मुंग्या मेल्यात."

"मग बरं झालं की."

तिनं त्याला बाटलीचं सांगितलं. तो टोपी हातात धरून उभा राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गप बस. सांगाय गेलीस, तर तेल तुझं, वास तुझा आनि दोषबी तुझाच. उद्या वावरात जायचंय आपल्याला. धुतलीया म्हनली ना ती? मग झालं."

तो गेला. जानकाबाईनं पीठ मळलं, चूल पेटवली. एक भाकरी करपली, दुसरी तव्यावरच राहिली. श्रेयाचं खाजवून सोललेलं डोकं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सोललेल्या कातड्यातून मीठ आत जातं, लिंबू आत जातं, मग हे जाणार नाही? तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढून विझवलं आणि तशीच निघाली.

वाटेत भरतच्या वावरात फवारणी चालली होती. पाठीवर पंप घेतलेली दोन माणसं सरींतून पुढं सरकत होती आणि वाऱ्यावर तोच वास येत होता. कालपासून तिच्या बोटांना चिकटून बसलेला. मग मात्र ती पळत सुटली.

ठकूबाईच्या घरी ओटीवर खाट टाकली होती. श्रेया कुशीवर निजली होती, डोक्याला लुगड्याचं फडकं गच्च आवळलेलं. तिची आई, स्नेहल, पायाशी बसून तळपायाला कांदा चोळत होती.

"ऊन लागलंय," ठकूबाई म्हणाली. "दोनदा उलटी झाली. दृष्टबी काढली मिठानं."

"तेल कधी लावलं?"

"आठाला. उवा पार मराव्यात म्हनून तसंच ठिवलंय."

अकरा वाजून गेले होते. जानकाबाई वाकली. पोरीच्या तोंडातून लाळेची तार उशीवर पडत होती. अंग घामानं निथळत होतं. दंडावरचं मांस आपोआप थरथरत होतं. तिनं पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

तिनं फडकं ओढून काढलं.

"हात लावू नको तिला!" ठकूबाई ओरडली.

"वैनी, ऊन न्हाई हे. औषध भिनलंय. बाटलीतलं."

इतकी वर्षं ती त्या घराच्या अंगणापुढं गेली नव्हती. आता तिनं पोर उचलली, माजघरातून आरपार मागच्या हौदाकडं नेली. स्नेहल क्षणभर सासूकडं बघत राहिली, मग कपड्याचा साबण घेऊन धावली. दोघींनी पोरीचा झगा काढला, डोकं घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं. पोर रडत नव्हती. त्याचंच स्नेहलला जास्त भ्या वाटलं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "श्रेया, रड ना गं. रड की."

कुणीतरी वावरातून भरतला आणलं. जीप निघताना जानकाबाईनं ओट्यावरची ती बाटली उचलून पदरात धरली आणि न विचारता मागं चढून बसली.

नारायणगावच्या डॉक्टरांनी पोरीला बघितलं आणि विचारलं, "काय दिलंत हिला? पोटात काही गेलंय?"

भरत खाली बघत म्हणाला, "पोटात न्हाई. उवांचं तेल लावलं व्हतं. ह्या बाईनं दिलेलं."

"कशाचं तेल?"

"सीताफळाच्या बियांचं," जानकाबाई म्हणाली.

"बिया डोळ्याला वाईट. पण त्यानं असं होत नाही." डॉक्टर भरतकडं वळले. "खरं सांगा. वेळ नाहीये."

भरतनं खिडकीकडं तोंड फिरवलं. त्याच्या कपड्यांना सकाळच्या फवारणीचा वास होता. ती बाटली आपण खड्ड्यात पुरायची सोडून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली, आईनं ती तिथूनच नेली, हे त्याला जीपमध्येच उमगलं असावं.

जानकाबाईनं पदरातली बाटली काढून टेबलावर ठेवली. "तेल माझं. बाटली ह्यांच्या फवारनीची. आनि मला वास आला व्हता सायेब. वास आला, तरी मी भरली."

डॉक्टरांनी बाटली हुंगून लगेच दूर धरली. "औषधाचं नाव. आत्ता."

मग भरतनं नाव सांगितलं. सुया सुरू झाल्या. एकीमागून एक, दर थोड्या वेळानं बाहुली बघायची आणि पुन्हा सुई. तिसऱ्या दिवशी श्रेयानं पाणी मागितलं. सहाव्या दिवशी ती घरी आली, पण पुढं बरेच दिवस पेन्सिल धरताना तिची बोटं कापायची.

पोर वाचली, पण गावात बोलणं वेगळंच झालं. "जानकाच्या तेलानं पोर मरायला टेकली व्हती," असं ठकूबाई सांगत सुटली. बाटलीचा शब्द तिनं काढला नाही आणि भरतनंही आईला खोडलं नाही. रोजाचं बोलावणं थांबलं. बायका येईनाशा झाल्या. दंतमंजन नेलेल्या एका बाईनं डबी आणून परत उंबऱ्यावर ठेवली, हाक न मारता. पोपट "तुला सांगितलं व्हतं," असं एकदाही म्हणाला नाही. तो आता रोजच मार्केटला हमालीला जायला लागला.

श्रावणात एकदा स्नेहल तिला एसटी थांब्यावर भेटली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "तुमी आला नसता तर पोर गेली असती. मला ठावं हाय. पर घरात बोलता येत न्हाई मला."

जानकाबाईनं तिचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तसल्या बाटल्या घरात अजून किती हायेत?"

स्नेहल आठवायला लागली. "मिठाची एक. राकेलची एक. गोडंतेलाचा पाच लिटरचा कॅन हाय. आनि वावरात बायकांना प्यायचं पानी नेतो, तो निळा..." तिथं ती थांबली.

त्या दिवसापासून जानकाबाई घरोघर जायला लागली. पिशवीत एक दाभण असायचं. "कॅन दावा," म्हणायची, आणि कुणी दिलाच तर हुंगून त्याच्या बुडाला भोक पाडायची, म्हणजे पुन्हा कुणी भरू नये. जिनं सगळ्यांना टाकू नका म्हणून शिकवलं, तीच आता चांगले कॅन फोडत फिरते, याचं बायकांना हसू यायचं. अंजनानं दोन दिले. सरूबाईनं दार लावून घेतलं. "आधी सोताचं तेल बघ," असं आतून ऐकू आलं.

दिवाळीआधी सोपानच्या द्राक्षबागेत छाटणीला आंबेगावच्या डोंगरातली माणसं आली होती. त्यातली एक बाई तहान लागली म्हणून बांधावरच्या औषधाच्या जुन्या कॅनमधलं पाणी प्याली. तिला पुण्याला नेलं. तिच्या माणसांनी तिचं गाठोडं तिथूनच उचललं आणि ती परत त्या बागेत आली नाहीत. बाईचं पुढं काय झालं, हे सोपाननं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर जानकाबाईच्या ओट्यावर कॅन आणि बाटल्या येऊन पडायला लागल्या. कुणी आणून ठेवल्या ते कळायचं नाही. ती एकेक उघडून हुंगायची. दहातल्या सहा-सातांना तो वास असायचा. पुढं पुढं तर दहाच्या दहांना येऊ लागला. मग तिला वाटलं, वास बाटलीला आहे की आपल्याच नाकात बसलाय? भाकरीला तो यायला लागला. धुतलेल्या लुगड्याला आला. माठातल्या पाण्याला आला.

"काई न्हाई पान्याला," पोपट म्हणाला. तिच्या हातातला तांब्या घेऊन त्यानं तो घटाघटा रिकामा केला आणि कामाला निघून गेला.

जानकाबाई दारात उभी राहून, तो वळणाआड होईपर्यंत, त्याची चाल कुठं अडखळते का, हे बघत राहिली.