कानबाई डोक्यावर होती तेव्हा

दुसरं बाळंतपण होऊन दीड वर्ष झालं तरी मला धड चालता येत नव्हतं. माकडहाडापासून जांघेपर्यंत कळ जाई. कूस बदलताना ओटीपोटाखालचं हाड कट्‌कन वाजे, आणि उंबरा ओलांडायचा तर पाय हातानं उचलून ठेवावा लागे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी हाड मोडलेलं नाही असं सांगितलं, ते खरंच होतं. पण बैलगाडीनं घरी येईपर्यंत मी पदराचा बोळा दातांत धरला होता. सासूबाई म्हणत, "पोरं सर्वास्ले होतस. तुन्हंच काय नवाईनं शे?" देवापुढे दिवा रोज लावत होते, पण मागणं सोडलं होतं. ऐकणारं कुणी आहे असं वाटेना.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला दागिने घालून केलेली ही देवी सोमवारी सकाळी चौरंगासकट डोक्यावर घेऊन तापीत विसर्जित करायची, हा मोठ्या सुनेचा मान. यंदा तो जमला नाही तर दुसरी सून आणीन, असं सासूबाईंनी बजावलं होतं. आमचे यजमान मान खाली घालून ऐकत होते.

नदीच्या उतारावर कंबर सुटल्यासारखी झाली. दोन्ही हात चौरंगाला. आता देवी पडणार आणि तिच्याबरोबर माझा संसारही, एवढंच कळत होतं.

"चाल ना! दगड उचलेल शे का?" सासूबाई ओरडल्या. बायका हसल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझे दोन्ही खुबे तळहातांनी गच्च आवळले. "मी धरेल शे. चाल, माय." मग कानाशी हळूच, "कानबाई हलकीच शे. तुन्ही सासू जड शे."

त्या कळांतही मला हसू आलं. हाडं जागची हलली नाहीत. पाण्यापर्यंत ती माझ्या पावलागणिक पाऊल टाकत आली. देवी पाण्यात सोडून वळले तर मागं कुणी नव्हतं. परगावची एक म्हातारी नावेकडे गेली, असं नणंद म्हणाली. असेल. मी वाद घालत नाही.

सवत आली नाही. दुखणंही गेलं नाही. कित्येक वर्षं खुब्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी आवळून मी दळण दळलं. पण कानबाईपाशी मागणं पुन्हा सुरू झालं. बरं कर असं नाही, नुसतं धरून ठेव, एवढंच. तेवढं तिनं आजवर केलं आहे.

यंदा माझी सून बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कानबाई घेऊन निघाली. उतारावर ती थबकली. मी मागं गेले आणि तिच्या खुब्यांना दोन्ही हात लावले.