वसुबारसेचा नैवेद्य आणि पातळ दूध

यंदाची वसुबारस मी जन्मात विसरणार नाही. लिहू की नको करत बरेच दिवस काढले... पण तेव्हा ग्रुपवर तोंड वर करून लिहिलं होतं, तर आता इथेही लिहायलाच हवं.

आम्ही बंगळुरात के. आर. पुरमला राहतो. सोसायटीच्या मागे रत्नम्माचा छोटासा गोठा आहे, आमच्या दहा-बारा घरांना तिचंच दूध. तिची गाय तुंगा दिवाळीच्या जेमतेम तीन आठवडे आधी व्यायली आणि मला तर लॉटरीच लागली! या शहरात वसुबारसेला वासरासकट गाय मिळणं म्हणजे खायचं काम नाही.

मग काय, मी पुढाकार घेतला. पुढाकार घेणं हा माझा जुना आजार. मराठी बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि संध्याकाळी बावीसजणी नटूनथटून गोठ्यात हजर.

रत्नम्मा तेव्हा तुंगाचं खाणं तयार करत होती. पशुखाद्य मोजून घेतलेलं, त्यात मिनरल मिक्श्चरची थोडी पावडर. व्यायल्यावर गाईचं कॅल्शियम सगळं दुधात जातं, म्हणून ही पावडर... आणि खाणं एकदम वाढवायचं नाही, हळूहळू वाढवायचं, असं ती मला तिच्या हिंदीत समजावत होती. मी म्हटलं, "अगं बाई, गायसुद्धा डाएटवर!" सगळ्या खो खो हसल्या.

मग नैवेद्य. बाजरीची भाकरी, गूळ, भात, उडदाचे वडे... प्रत्येकीचा "फक्त एक घास" आणि प्रत्येकीचा फोटो. बावीस ताटं झाली की हो!

"स्वल्प साकु, अक्का," थोडं पुरे, असं रत्नम्मा दोनदा म्हणाली. मी तिलाच गप्प केलं. वर्षाचा सण, खाऊ दे की पोटभर, गाय कुठे नको म्हणतेय?

दुसऱ्या दिवशी दूध कमी आलं आणि पातळ. तिसऱ्या दिवशी तर सायच धरेना. माझं डोकं सटकलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'रत्नम्मा दुधात पाणी घालतेय. परवा आपण तिच्या गाईची पूजा केली आणि आज ही आपल्यालाच फसवतेय. मी दूध बंद करतेय.'

तिला एका शब्दाने विचारलं नाही. दुपारपर्यंत सात घरांनी दूध बंद केलं... आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. आपल्या शब्दाला किती वजन आहे बघा, असं वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

संध्याकाळी तिला फैलावर घ्यायचं म्हणून गोठ्यात गेले. तुंगा आडवी पडली होती. पोट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, मानेला सलाईन. वासराचा हंबरून हंबरून आवाज बसला होता.

जनावरांचे डॉक्टर भडकलेले होते. एवढा भात आणि गूळ कोणी घातला? पोटात आम्ल झालंय, दूध त्यामुळेच पातळ झालं, उद्यापर्यंत उठली नाही तर काही खरं नाही... रत्नम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "मैंने ही डाला, सर. हब्बा था."

सण होता म्हणून मीच घातलं, म्हणे! आणि मी? मी ओढणीचं टोक चुरगाळत मुकाट उभी.

डॉक्टर गेल्यावर तिने माझा हात धरला. म्हणाली, मी पाणी घालते असं कोणीतरी ग्रुपवर लिहिलंय म्हणे, सात घरं गेली... तुम्ही आहात ना त्या ग्रुपमध्ये? त्यांना सांगा ना, गाय आजारी आहे.

मी "सरी," म्हणजे बरं, "सांगते" एवढंच म्हणाले आणि पळून आले. हो, पळूनच.

घरी येऊन ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. पाच घरं परत यायला तयार झाली. दोघींनी तोवर पिशवीचं दूध लावलं होतं. "आता राहू दे गं, हेच सोयीचं पडतं," म्हणाल्या.

तुंगा दुसऱ्या दिवशी दुपारी उभी राहिली. देवाची कृपा म्हणणार होते, पण देवाचं नाव घ्यायलाही तोंड नव्हतं मला. तशीच गोठ्यात गेले आणि रत्नम्माला सांगून टाकलं, तो मेसेज माझाच होता.

ती खाद्यात पावडर कालवत होती. हात थांबला तिचा. मग म्हणाली, "माझा नवरा म्हणत होता, त्या पूजावाल्या बाईचंच काम असणार. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, ती तशी नाही."

चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं...

मैत्रिणींनो, 'तुझा हेतू चांगला होता' अशी कमेंट कृपा करून करू नका. जी बाई माझ्यासाठी नवऱ्याशी भांडत होती, तिलाच मी चोर ठरवून बसले होते.