आधी तुमी उचला

शेजाऱ्यांनी जत्रेहून आणलेला भंडारा कपाळी लावला आणि हळदीच्या त्या वासाने मला सांगलीतल्या आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात नेले. गावकरी आणि प्राध्यापक तिथे शिक्षणावर चर्चा करीत होते. तेवढ्यात कवठे महांकाळकडची एक मेंढपाळ बाई उठली आणि तिने नवऱ्यापुढे भंडाऱ्याची पिशवी धरली.

“उचला भंडारा. पोरीला कालेजात घालतो म्हणा. मेंढरांमागं न्हाई न्यायची.”

भंडारा उचलून दिलेला शब्द त्यांच्यात कुणी मोडत नाही. नवऱ्याचा हात पुढे येईना. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तो नकारच देणार, असे आम्हां प्राध्यापकांना वाटले. न पाळता येणारा शब्द द्यायचे तो टाळत होता, हे आज उमगते.

तो प्राचार्यांकडे वळला. “आमी पावसाळ्यापतुर रानोमाळ. पोर ऱ्हाईल कुठं?”

“वसतिगृहात घेऊ.”

“घेणार न्हवं? मग आवं सर, आधी तुमी उचला.”

मागे कुणीतरी हसले. प्राचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी चिमूटभर भंडारा उचलला. मग मुलीच्या बापाने उचलला. मुलगी पुढे आली आणि पहिल्या रांगेत, आमच्याशेजारी बसली.