दोन्ही बाजूंना माया

गल्लीत तिला सगळे टेपमावशी म्हणत. गळ्यात मोजपट्टी नाही अशी टेपमावशी कोणी पाहिलेली नव्हती. "लग्नाच्या फोटोतही आहे," तिचा नवरा सांगायचा, "पदराखाली दडवलेली." घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीला लागून पायमशीन, मशीनच्या डाव्या हाताला खडूचे तुकडे ठेवलेली बशी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले बिनबाह्यांचे शर्ट. चौतीस वर्षं ती गल्लीतली माणसं वाढताना, सुटताना आणि वाळताना पाहत आली होती. कोणाचं पोट किती पुढे आलं ते डॉक्टरच्या आधी तिला कळायचं, आणि ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही.

तिचा एक हट्ट होता. कुठलाही कपडा शिवताना ती शिवणीच्या आत भरपूर माया ठेवायची, म्हणजे जास्तीचं कापड दुमडून आत राखायची. शाळेचा गणवेश असा शिवायची की पोर दोन इयत्ता पुढे गेलं तरी उसवून वाढवता यावा. "आजच्या मापाला शिवलेला कपडा उद्या अंगावर येतो," ती म्हणे.

नवरा निवृत्त पोस्टमन. सारी हयात पायी गेलेली. गल्लीत त्यांना काकाच म्हणत. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बाहेर चाला, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग खुर्ची सुटायची नाही. काका उत्साहानं बाहेर पडले, चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचले, आणि तिथल्या उचकटलेल्या लादीत वॉकरचा पाय अडकून आडवे झाले. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. आठ महिने झाले, काका खिडकीतल्या खुर्चीत. विचारलं की म्हणायचे, "मी परत आलेलं पाकीट आहे. माझ्यावर शिक्का बसलाय."

"पाकिटाला निदान वजन तरी असतं," टेपमावशी म्हणायची. "तुमची पँट मी दोनदा आत घेतली."

बोलायची हसून, पण रोज सकाळी ते उठताना खुर्चीच्या हातावर किती भार देतात, हे तिचे डोळे चुकूनही सोडत नसत. महिन्यापूर्वी एक हात पुरायचा. आता दोन्ही लागत होते.

म्हणून पालिका यंदा कुठले फूटपाथ दुरुस्त करायचे याची यादी करतेय असं कळलं, तेव्हा चष्मेवाल्यानं आपल्या दुकानात गल्लीची बैठक बोलावली आणि टेपमावशी सगळ्यात आधी जाऊन बसली. चष्मेवाला अर्धा तास बोलला. नागरिकांचे हक्क, पालिकेची झोप, सगळं झालं. शेवटी तिनं विचारलं, "पण लिहायचं काय? फूटपाथ वाईट आहे, एवढंच? वाईट तर सगळेच आहेत. माप लिहू या."

दुसऱ्या दिवशी तिनं खडू घेतला, मोजपट्टी काढली आणि अख्खा फूटपाथ मापायला घेतला. कुठे लादी किती वर आली, गटाराचं झाकण किती खचलं, विजेच्या खांबापाशी किती जागा उरते, सगळ्यावर खडूच्या खुणा. येणारे-जाणारे थांबून बघत.

"मावशी, याला काय शिवताय?" दूधवाल्यानं विचारलं.

"चड्डी," ती मान वर न करता म्हणाली. "उघडा पडलाय बिचारा."

चष्म्याच्या दुकानासमोर ती थांबली. तिथे फूटपाथवर चष्मेवाल्याचाच लोखंडी बोर्ड उभा होता. तिनं टेप लावली. "अकरा इंच."

"तो कशाला मापता?" चष्मेवाला बाहेर आला. "तो काय अडथळा आहे? ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी आहे तो."

"म्हणूनच ते त्याच्यावर आदळतात. भाऊ, मापात पाप नको. उचला आत."

चष्मेवाल्यानं बोर्ड उचलला, पण दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

अर्ज टेपमावशीनंच लिहिला. एकूण सव्वीस मापं होती आणि खाली गल्लीतल्या त्रेचाळीस जणांच्या सह्या. मुख्य मागणी शेवटी होती: "वॉकरची रुंदी पंचवीस इंच आहे. खांबापाशी बावीस इंचच जागा उरते. तरी खांब सरकवून पंचवीस इंच जागा करावी व दोन्ही बाजूंना चार-चार इंच माया सोडावी." चष्मेवाल्यानं, अबोला संपल्यावर, अर्ज वाचला. "भाषा छान आहे," म्हणाला. त्याच्या अंगावरचा शर्टही तिनंच शिवलेला होता. त्याला काहीच खटकलं नाही. गल्लीत कोणालाच खटकलं नाही.

तीन आठवड्यांनी पालिकेचं उत्तर आलं. काकांनी सवयीनं आधी तिकीट आणि शिक्का तपासला, मग मोठ्यानं वाचलं. "आपल्या अर्जात नमूद केलेल्या श्रीमती माया यांना पदपथाच्या दोन्ही बाजूंना सोडण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. सदर श्रीमती माया यांचे लेखी संमतीपत्र आठ दिवसांत जोडावे. अन्यथा अर्ज दप्तरी दाखल करण्यात येईल."

टेपमावशीनं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग काकांच्या खुर्चीतून आवाज आला. आधी तिला वाटलं, ठसका लागला. पाणी आणायला ती उठलीसुद्धा. ते हसत होते. कितीतरी महिन्यांत असे हसले नव्हते. "दोन्ही बाजूंना," डोळे पुसत ते म्हणाले, "एकच बाई दोन्ही बाजूंना कशी सोडणार होतीस तू?"

तीही हसली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. दप्तरी दाखल म्हणजे काय, हे पोस्टमनच्या बायकोला वेगळं सांगायला नको. यंदाची यादी हुकली की पुढच्या वर्षीची. आणि पुढच्या वर्षी खुर्चीतून उठायला दोन हात तरी पुरतील का, कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ती पालिकेत गेली. दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक टेबलामागे कनिष्ठ अभियंता बसला होता. चाळिशीचा, भल्या चेहऱ्याचा, कोटाची बटणं उघडी. लावत नव्हता असं नाही, लागत नव्हती.

"संमतीपत्र आणलंत?" त्यानं विचारलं.

"साहेब, माया ही बाई नाही."

"मग कोण आहे?"

"कोट काढा, सांगते."

शेजारच्या टेबलावरच्या लिपिक बाईंनी फाइल मिटली आणि खुर्ची वळवून घेतली. अभियंत्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि कोट काढून दिला. टेपमावशीनं तो उलटा केला, पाठीच्या शिवणीजवळचं अस्तर नखानं जरा उचललं आणि आतली दुमड त्याला दाखवली. "ही माया. तुमच्या शिंप्यानं दीड इंच ठेवलीय. गुणी माणूस आहे. उसवलं की हा कोट तुम्हाला परत बसेल."

"म्हणजे नवा शिवायला नको?" लिपिक बाईंनीच विचारलं.

"मुळीच नको."

अभियंत्यानं कोट हातात घेऊन त्या दुमडीकडे बराच वेळ बघितलं. मग अर्ज उघडला. "पण मावशी, वॉकर पंचवीस इंच, तर जागा पंचवीस इंच पुरते की. वर आठ इंच कशाला?"

"पंचवीस इंच कंबरेला पंचवीस इंची पँट शिवली, तर माणूस उभा राहील. बसायचं म्हटलं की फाटेल. वॉकर धरणाऱ्याचे हात बाहेर असतात, साहेब. हात थरथरतात. माणूस अगदी सरळ रेषेत चालत नाही. समोरून कोणी आलं तर थांबावं लागतं, वळावं लागतं. तुम्ही कागदावर वॉकर मापला. त्याच्या आत माझा नवरा आहे."

ती लगेच पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागली.

अभियंत्यानं पेन उचललं. 'माया' या शब्दाला त्यानं खाली रेघ मारली, समासात लिहिलं, "अर्थ समजला", आणि सही केली. "खांबाचं मात्र वीजवाल्यांना विचारावं लागेल. शब्द देत नाही. पण उद्या येऊन बघतो."

आला तो. तिच्या खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या, तरी सव्वीसच्या सव्वीस मापं त्यानं स्वतःच्या टेपनं ताडून पाहिली. फरक एका ठिकाणी निघाला, पाव इंचाचा. "तिथे मुंगळा आडवा आला होता," टेपमावशी म्हणाली. जाताना तो कोट ठेवून गेला.

कामाला अडीच महिने लागले. खांब हलला, पण पुरता नाही. दोन्ही बाजूंना चारऐवजी तीन-तीन इंचच मिळाले. टेपमावशीनं मापून पाहिलं आणि नाक मुरडलं. "कंजूष शिंपी," एवढंच म्हणाली.

लाद्या बसून सिमेंट वाळलं, त्याच्या तिसऱ्या सकाळी काका उठले. दोन्ही हातांनी. "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

"मी येऊ?"

"तू कशाला? मी काही रजिस्टर पत्र नाही, सही करून घ्यायला."

ती खिडकीशी उभी राहिली. वॉकर पुढे, मग पाय, मग दुसरा पाय. चष्म्याच्या दुकानापाशी ते थांबले, ती लादी होती तिथे. तिनं खिडकीची चौकट घट्ट धरली. ते तिथे जरा उभे राहिले, मग वॉकर उचलून पुढे टेकवला आणि गेले. कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले.

ती मशीनवर बसली. एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला किती लागतो वेळ? पाऊण तास झाला. ज्यासाठी अख्खा फूटपाथ मापला, पालिकेचे जिने चढली, ते झालं होतं, आणि आता ती सारखी घड्याळाकडे बघत होती. तास झाला. ती उठली, चपला घातल्या आणि भरभर निघाली. नव्या लाद्यांवरून नव्हे, रस्त्यानंच, कारण तिकडून जवळ पडतं.

काका कोपऱ्यापलीकडच्या न्हाव्याच्या खुर्चीत सापडले. अर्ध्या गालाला साबण, मांडीवर कालचा पेपर, आणि न्हावी वस्तरा हातात धरून त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होता. वॉकर दाराशी उभा केलेला.

आरशातून त्यांनी तिला पाहिलं. "तू कशी काय इकडे?"

"दोरा संपला," ती म्हणाली. "पांढरा."

"दोऱ्याचं दुकान तिकडे आहे, उजवीकडे," ते म्हणाले आणि न्हाव्याकडे वळले. "हं, तर मी काय सांगत होतो."

ती दारात आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग उजवीकडे वळली.